कुंकवाखालचा दिवा

"कुमुद, फार उकडतंय गं," यशवंतराव अडखळत म्हणाले, आणि स्मृतिकेंद्रात बसलेल्या कुमुदताई चटकन उठल्या. यशवंतरावांचा देह जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी केंद्रातल्या सर्व्हरमध्ये जपलेल्या स्मृतींतून ते रोज बायकोशी बोलत. उकाड्याची तक्रार मात्र आजवर कधी नव्हती.

कुमुदताईंनी सर्व्हरच्या दर्शनी पट्टीकडे पाहिलं. हिरवा दिवा म्हणजे कुशल, पिवळा म्हणजे धोका, सर्व्हर तापला की स्मृती पुसल्या जातात, हे त्यांना पाठ होतं. पण कालच्या खंडेनवमीला पिवळ्या दिव्यावरच कुंकवाचा जाड टिळा लावला होता आणि हवेच्या जाळीवर झेंडूचा हार! त्यांनी पदराने कुंकू पुसलं. खाली पिवळा दिवा लुकलुकत होता. त्यांनी हाराला हात घातला.

"काकू, पूजेचा हार असा काढू नये हो!" व्यवस्थापक पराडकर धावत आले.

"पूजा केलीत, आणि ज्याची केलीत त्याचाच जीव गुदमरवलात!" म्हणत कुमुदताईंनी हार ओरबाडून काढला.

हळूहळू पिवळा विझला, हिरवा लागला. पराडकरांनी हात जोडले. "देवाची कृपा!"

"कुमुद," यशवंतरावांनी विचारलं, "आपल्या लेकीचं नाव काय गं?"

कुमुदताई हातातला हार घेऊन पराडकरांकडे वळल्या.

"देवाला मध्ये आणू नका, पराडकर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हार देवाने घातला नव्हता."