धावेमागे किती जणी

टोक मोडलेली पेन्सिल. संत्र्याची साल. तीनची फायनल. जागा एक, पोरी दोन.

स्कोअरर कुंदाताई वही तिसऱ्यांदा चाळत होत्या. जिल्ह्याच्या मुलींच्या बेसबॉल संघाला एक धाव काढायला किती जणींना बॅटिंगला पाठवावं लागतं, ते त्यांनी सामन्यागणिक मोजलं होतं.

"ताई, लवकर सांगा, कोणाले बाहेर बसवू?" कोच घड्याळ बघत म्हणाले. "उज्वला तं नुसती उभी राहते. तुमची रेवती कशी ठोकते!"

लेक ठोकायची खरी, पण चेंडू उंच जाऊन झेल व्हायचा. उज्वला बाहेरचे चेंडू निमूट सोडायची आणि चार सुटले की फुकटात पहिल्या बेसवर जायची. लेक खेळली की धावेमागे अकरा जणी लागत. उज्वला खेळली की सहा.

ताईंनी पुन्हा मोजलं. अकराच.

"रेवतीले बसवा."

"आज घरी जेवाले भेटन ना तुम्हाले?"

त्यांनी वही मिटली, उघडली, परत मिटली. मैदानावर लेक बॅट फिरवत आईकडे बघून हसत होती.

तिच्या जर्सीवरचा सात नंबर सकाळी ताईंनीच शिवला होता.