मर्जीचा तास

“सर, आज नाही म्हणायचं ठरलंय,” उर्वी हळूच म्हणाली. “विसरला नाहीत ना?”

कॅप्टन नीरज पागनीस विसरला नव्हता. काचेपलीकडे त्याचं विमान उभं होतं आणि अलीकडे इंदूर विमानतळावर ताटकळलेले प्रवासी. दिल्लीच्या धुक्याने सकाळपासूनची सगळी उड्डाणं मागे ढकलली होती. नीरज आणि त्याची सहवैमानिक उर्वी, दोघं अंधारात उठलेले. आता ऊन उतरलं होतं. धुकं निवळलं, पण दिल्लीला पोहोचेपर्यंत त्यांचे ड्यूटीचे तास संपून वर एक तास जाणार होता.

तो जास्तीचा तास द्यायचा की नाही, हे फक्त कॅप्टनच्या हातात असतं. अचानक अडचण आली तर कॅप्टनने आपल्या मर्जीने तास वाढवावा, असा नियम आहे. गेल्या काही वर्षांत ही अडचण रोजच अचानक येऊ लागली होती.

उद्या दिल्लीत त्यावरच सुनावणी होती. कंपन्यांचं म्हणणं, पायलट खुशीने तास देतात. पायलटांच्या संघटनेचं म्हणणं, कसली खुशी? नाही म्हणणाऱ्याला पुढच्या महिन्यात उड्डाणं कमी मिळतात, आणि उड्डाणं कमी म्हणजे पगार कमी. बाकावर बसून काढलेला आजचा दिवस तर पगाराच्या कुठल्याच हिशेबात नव्हता. संघटनेकडे एकच साक्षीदार होता. त्याला कुणी फोडू नये म्हणून त्याचं नाव सभासदांनाही सांगितलं नव्हतं. सुनावणी होईपर्यंत कुणीही जास्तीचा तास द्यायचा नाही, एवढं मात्र सगळ्यांनी शपथ घेतल्यासारखं ठरवलं होतं.

“नीरज भिया,” कंपनीचा इथला मॅनेजर मनीष धावत आला. “पब्लिक मुझे खा जाएगी. दुसरा क्रू नाहीये इंदूरला. करून टाका ना.”

“नाही मनीष. मी थकलोय.”

“मग वर काय सांगू? कॅप्टन को नींद आ रही है?”

“तेच सांग.”

मागे कुणीतरी ऐकलंच. “लो भिया, साहब को नींद आ रही है!”

“इत्ती तनख्वाह में तो मैं खड़े-खड़े उड़ा दूँ!”

हशा पिकला. नीरजने मान वर केली नाही. इथेच, इंदूरच्या तुकोगंजात, त्याच्या आईचं घर होतं. तिथला पलंग आणि त्यावरची गोधडी दुपारपासून त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

गर्दीतून एक बाई पुढे आली. पन्नाशीची असेल. साडीवर बाह्या दुमडलेला, निळा पुरुषी स्वेटर. मनीष तिला अडवायला गेला, तर तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

“यांना काय विचारायचं? ठरवतात तर कॅप्टनच.” तिने नीरजच्या छातीवरची पट्टी वाचली. “पागनीस. म्हणजे मराठीच. मी यशोधरा. मला उद्या सकाळी दहाला दिल्लीत असायलाच हवं हो. ट्रेनचा या धुक्यात काही भरोसा नाही. सकाळच्या फ्लाइटचं पण तेच.”

“ताई, माझे तास संपतायत.”

“माहितीये मला तुमचे तास. पण माझ्या मिस्टरांचा मामला आहे. उद्याची तारीख गेली तर संपलंच सगळं. परत कोणी विचारणार नाही.”

गर्दी जवळ सरकली.

“ऑपरेशन होगा,” कुणीतरी कुजबुजलं. “हॉस्पिटल का केस दिखता है.”

बाईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती नीरजकडे बघत राहिली.

“ताई, मी खरंच थकलोय,” नीरज म्हणाला. “माझ्या हातून काही चुकलं तर?”

“नाही चुकणार.” तिने हात जोडले. “एकच तास, कॅप्टन. एका तासाने काय होतंय?”

नीरजला कुठल्याशा पलंगावरचा एक अनोळखी माणूस दिसला, दाराकडे डोळे लावून पडलेला. मग बाकी काही दिसेना.

तो उठला. “मनीष, बोर्डिंग सुरू कर.”

“सर,” उर्वी त्याच्यामागे येत म्हणाली, “उद्या हेच दाखवतील. म्हणतील, कालच बघा, कोणी जबरदस्ती केली होती का?”

“माहितीये.”

मनीषने फोन कानाला लावलासुद्धा. “हाँ सर, मान गए. नहीं नहीं, कोई प्रेशर नहीं. अपनी मर्ज़ी से.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खड़े-खड़े उडवणाऱ्याने सगळ्यांत जोरात.

प्रवासी चढत होते तेव्हा नीरज विमानाच्या दाराशी उभा होता. तोंडावर दोनदा पाणी मारूनही डोळे चुरचुरत होते. यशोधरा सगळ्यांत शेवटी आली आणि त्याचा हात धरून उभी राहिली.

“फार उपकार झाले तुमचे.”

“टेन्शन घेऊ नका, ताई. पोहोचवतो तुम्हाला. कुठल्या हॉस्पिटलात आहेत?”

“हॉस्पिटल?” ती गोंधळली. “नाही हो. ते तर मागच्या हिवाळ्यातच गेले. पायलट होते, तुमच्यासारखे. विमान नीट उतरवलं आणि खुर्चीतून उठलेच नाहीत.” तिने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. “कुणाला बोलू नका म्हणून बजावलंय मला, पण तुम्ही आपलेच. उद्याच्या सुनावणीत साक्ष आहे माझी. कंपनी म्हणते, त्यांनी मर्जीने तास दिला. खोटं आहे. माझ्याशी फोनवर बोलत होते, तेवढ्यात कंपनीचा माणूस आला. फोन चालूच राहिला. यांनी दोनदा नाही म्हटलं. थकलोय म्हणाले. त्याचा शब्दन् शब्द आठवतो मला. म्हणाला, ‘एकच तास, कॅप्टन. एका तासाने...’”

आणि ती तिथेच थांबली.