हिरवे चौकोन

स्क्रीनवर दुभाषीबाईंचे हात मनगटापर्यंत ठीक होते. पुढे बोटांच्या जागी नुसते हिरवे चौकोन नाचत होते. आवाज मात्र स्वच्छ. दुसऱ्या चौकटीतले डॉक्टर कुणाला तरी दार लावून घ्यायला सांगत होते, तेसुद्धा तूवाला ऐकू आलं. तिच्या आईला, मारितला, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांचे शब्द तिच्यापर्यंत यायचे ते त्या बोटांच्या खुणांतूनच, आणि आज बोटांचाच चुरा झाला होता.

आईनं टेबलावर थाप मारली. तूवानं मान वळवली.

"तुलाही दिसतायत ना हे चौकोन?" आईचे हात विचारताना जरा अडखळले.

"दिसतायत की. कॉम्प्युटरचं दुखणं आहे, तुझं नाही," तूवानं हातांनीच सांगितलं.

आईनं श्वास सोडला. डोळ्यांच्याच तपासणीचा निकाल होता आज. नजर कडेकडेनं आकसत चालली आहे का, एवढंच कळायचं होतं. नजरही गेली तर आईशी बोलायचं कसं, हे घरात कुणीच बोलून दाखवलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, त्यांच्याकडे दहा मिनिटं आहेत. मुलगी शेजारीच आहे, तर तिनंच सांगितलं तर? तूवानं आईला विचारून पाहिलं.

"तुझ्या हातून नको," आई म्हणाली. "दाताच्या दवाखान्यातसुद्धा तुला कधी मध्ये घातलं नाही मी. आणि फोनवर करू या म्हणू नकोस, त्यात हात मुंगीएवढे दिसतात. हेच नीट कर. परवा तूच तो गेम चढवलास यावर."

"गेम बिचारा गरीब आहे. त्याचं नाव काढू नकोस."

तूवानं कॉलची खिडकी लहान केली. मागं येल्मारेन तळ्याचा फोटो, त्यात आई पोहताना. एकही चौकोन नाही. म्हणजे स्क्रीन ठणठणीत, रोग ब्राउझरपुरता. दुसरा ब्राउझर उघडला, तिथंही तेच. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ब्राउझर चित्र रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डावर ढकलतो, आणि त्या कार्डानं कालच आपलं आपण अपडेट करून घेतलं होतं. तिनं सेटिंगमधला तो पर्याय बंद केला. आता ब्राउझर बंद करून परत उघडायचा. डॉक्टरांची चार मिनिटं उरली होती. परत आत घेतील ना?

स्क्रीन काळी झाली. काळीच राहिली. आईचा गुडघा टेबलाखाली हलत होता.

मग दुभाषीबाई आल्या. पुऱ्या दहा बोटांच्या, डाव्या हातातल्या अंगठीसकट. तूवानं दोन्ही हात उंच करून पंजे हलवले, त्यांच्या घरात टाळ्या अशाच वाजतात. बाई हसल्या, त्यांनीही हलवले. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला.

आई स्क्रीनला नाक लागेल इतकी पुढे सरकली. डोळे बारीक केले. मग तूवाकडे वळली.

"अजून थोडं राहिलंय गं. तिचा डावा हात येत नाही."

तूवानं पाहिलं. अंगठी चमकत होती.

तिनं चेहरा जागच्या जागी धरून ठेवला. आईला चेहऱ्यावरचं सगळं वाचता यायचं.

"वायर सैल असेल, थांब," असं सांगून ती टेबलाखाली शिरली. सगळ्या वायरी घट्ट होत्या. तिनं त्यातली एक मुठीत धरली आणि तशीच बसून राहिली. खाली हात दिसत नाहीत, त्यामुळे काही बोलावं लागत नाही.

वर डॉक्टर विचारत होते, आता सगळं स्पष्ट दिसतंय ना?