आईला तारण ठेवून

“वाघ देऊन शेळी आणायची नाही,” आई गॅरेजच्या दारातूनच म्हणाली. डोक्यावरचं हेल्मेटही अजून उतरलं नव्हतं.

वाघ दारात उभा होता. लाल रंगाची, रुंद छातीची स्पोर्ट्स बाइक. चालू केली की शेजारच्यांच्या खिडक्या थरथरायच्या. मागची सीट मात्र तळहाताएवढी. तिच्यावर आई मुलाच्या शर्टाला धरून, जीव मुठीत घेऊन आली होती. पण उतरताना चार माणसं वळून बघतात, हे तिला आवडायचं. गल्लीत तिला ‘लाल गाडीवाल्याची आई’ म्हणत. हा मान तिने कुणाकडे मागितला नव्हता, आणि आता सोडणारही नव्हती.

शेळी आत उभी होती. पांढरी, उंच, सडपातळ, शिंगांसारखं रुंद हँडल.

“हिला सुपरमोटो म्हणतात, काकू,” गॅरेजवाली म्हणाली. गाडी तिची, गॅरेजही तिचंच. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, ग्रीस त्याच्याही वर गेलेलं. “अंग चिखलात पळणाऱ्या गाडीचं, टायर डांबरी रस्त्याचे.”

“म्हणजे धड ना इकडची, ना तिकडची.”

“दोन्हीकडची म्हणा की.”

आईने तिच्याकडे जरा नीट बघितलं. उलट बोलणारी माणसं तिला खपत नसत. घरात त्या कामाला एकच जागा होती आणि ती कधीची भरलेली होती.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत. “आई, कितीदा सांगू? गर्दीत अडकली की तुझ्या वाघाची भट्टी होते. मांड्या भाजतात. वाकून वाकून मनगटं गेली माझी. हिच्यावर ताठ बसता येतं, कुठल्याही बोळात वळते.”

“या वयात मनगटं गेली म्हणे! मी अजून भरली बादली एका हाताने उचलते.”

“एक चक्कर मारून येतो, मग ठरवू.” त्याने लाल गाडीची किल्ली गॅरेजवालीपुढे धरली. दुसऱ्याच्या गाडीवर चक्कर मारायची तर मागे काहीतरी ठेवून जायचं, ही इथली रीत.

“आज किल्ली नको,” ती म्हणाली. “काकू आहेत ना.”

“मी काय तारण आहे?” आई कडाडली. पण तोवर शेळी मुलाला घेऊन फाटकाबाहेर पडली होती.

आई स्टुलावर बसली. हा सौदा मोडायचाच, असं ठरवूनच ती आली होती. मुलगा ऐकत नाही ना, मग या पोरीलाच जेरीस आणू. तिने गाडीला नावं ठेवायला सुरुवात केली. टाकी केवढीशी, दोन घोटांत संपायची. आवाज कसला, दळण दळल्यासारखा. आणि उंची! “हिच्यावर चढायला माझ्यासारखीला शिडी लागेल.”

“शिडी कशाला? लिफ्टवाला आहे की घरात.”

आईला हसू आलं. तिने ते खोकल्यात घातलं.

बराच वेळ गेला. रस्ता रिकामाच.

“तुझी गाडी घेऊन पळाला तर नाही ना गं माझा दिवटा?”

“छे हो. त्यांना उशीरच लागतो. दर रविवारी.”

घाम पुसता पुसता आईचा हात थांबला. “दर रविवारी?”

दर रविवारी तो आईला सांगून निघायचा की कुठल्याशा इमारतीतली लिफ्ट बंद पडलीय. इतक्या लिफ्ट नेमक्या रविवारीच कशा बंद पडतात, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं. म्हणे आईला सगळं कळतं.

“चक्कर मारतात, परत येतात,” गॅरेजवाली सांगत होती. “म्हणतात, ब्रेकचं नीट कळलं नाही, पुढच्या रविवारी पुन्हा बघतो. मग चहा पितात.”

“अगं, लिफ्ट कुठे अडकलीय ते नुसत्या आवाजावरून सांगतो तो. त्याला ब्रेक कळत नाही?”

गॅरेजवाली पाना पुसू लागली. पाना स्वच्छच होता.

आई स्टूल ओढत पुढे सरकली. “बरं, तो येडा. तुझं काय? दुसरी असती तर कधीच हाकलून दिलं असतं. दुसरं गिऱ्हाईक नाही का फिरकलं?”

“आली होती की दोघंतिघं.” मघाची जीभ कुठे गेली कोण जाणे. “परत पाठवली. सांगितलं, गाडी विकायची नाहीये.”

आईने हळूच विचारलं, “घरी विचारलंस?”

“घरी सगळे मलाच विचारतात, काकू.”

“हं,” आई म्हणाली. खरं म्हणजे हे उत्तर तिचंच होतं. तरुणपणी दिलेलं.

तेवढ्यात फाटकात फटफट झाली. मुलगा उतरला. केस विस्कटलेले, चेहरा फुललेला. आईकडे नजर गेली आणि त्याने तो घाईघाईने गंभीर केला.

“गाडी चांगली आहे. फक्त ते ब्रेकचं जरा… पुढच्या रविवारी एकदा परत…”

“पुढच्या रविवारी तू कुठे जायचं नाहीस. ही आपल्याकडे जेवायला येणार आहे.” आई गॅरेजवालीकडे वळली. “येशील ना गं?”

“येईन की,” ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

मुलगा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. “आणि… गाड्यांची अदलाबदल?”

“मोडली,” आई हेल्मेट डोक्यावर चढवत म्हणाली. “घरातल्या घरात कसली अदलाबदल?”