पेज आवडली का?

तैवानमधल्या ताइनानला सोळा वर्षांच्या चिंगवेनचं वर्षश्राद्ध होतं. आईने पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे माशाची पेज ठेवली आणि “जेवून झालं का गं?” विचारत कौलाचे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकले. एक उताणा आणि एक पालथा पडला, तर गेलेल्या माणसाचं उत्तर ‘हो’.

दोन्ही पालथे पडले, म्हणजे ‘नाही’.

“जेवण व्हायचंय अजून तिचं,” आई म्हणाली.

“जिवंतपणी तरी कुठे लवकर उरकायची!” मावशी म्हणाली.

चिंगवेन शेजारीच बसून जेवत होती. शेवटच्या सकाळी हीच पेज तिने ढकलून दिली होती. “तुझ्या हातचं नकोच मला,” म्हणत ती सायकलवरून गेली, ती परत आलीच नाही. आज घासाघासाला तिला भरून येत होतं. पण आईला ते सांगायला तिच्याकडे ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच होतं.

आईने तुकडे उचलले. “पोरी, आवडली का गं पेज?”

एक उताणा, एक पालथा.

“लागोपाठ तीनदा पडलं तरच खरं,” मावशी म्हणाली. “टाक परत.”

आई डोळे पुसत राहिली. चिंगवेनने नुसतं मनात आणलं, आणि जमिनीवरचे तुकडे कुणी न उचलताच खटकन वाजले. एक उताणा, एक पालथा.

मावशी भिंतीला टेकली. तुकडे पुन्हा हलू लागले.

“पुरे गं, बाळा,” आई हळूच म्हणाली. “पोचलं मला.”