तिघींनी पाठवलंय

पत्रकावर आधी नाव कोणाचं छापायचं, यावरच पाऊण तास गेला.

जाणारच. अकरा वर्षं तिघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. मोफत खटले लढणाऱ्या वकीलबाई, कामगार बायकांच्या युनियनच्या आक्का आणि घरातून पळून आलेल्या मुलींसाठी निवारा चालवणाऱ्या मास्तरीणबाई. एकमेकींच्या सभेला जायच्या नाहीत, लग्नकार्यात भेटल्या तरी माना वळवायच्या. आता एका टेबलाशी आल्या त्या निव्वळ भीतीपोटी. 'घर वाचवा' मंचाच्या लोकांनी वकीलबाईंच्या ऑफिसच्या काचा फोडल्या होत्या आणि जाताना भिंतीवर लिहिलं होतं, 'पोरगी परत द्या.'

पोरगी एकोणीस वर्षांची, कडेवर सहा महिन्यांचं बाळ. सोमवारी कोर्टात नवऱ्याविरुद्ध आणि सासऱ्याविरुद्ध बोलणार होती. सासरा मंचाचा पुढारी. ती निवाऱ्यात लपली होती, आणि निवारा कुठे आहे हे मास्तरीणबाईंनी आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. या दोघींनासुद्धा.

"सोमवारपर्यंत तिला दुसरीकडे हलवायला हवं," आक्का म्हणाल्या. "गाडी माझी. मी स्वतः जाते."

"माझ्या नणंदेकडे ठेवू," वकीलबाई म्हणाल्या. "नणंद असून चांगली आहे, आता काय करणार!"

मास्तरीणबाईंना हसू आलं. मग त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि पत्ता सांगितला. हळू आवाजात, एकदाच.  आक्कांनी त्यांचे हात आपल्या हातात घेतले.

टेबलाच्या टोकाला बसलेली चष्मेवाली मुलगी खाली मान घालून इतिवृत्त लिहीत होती. ही तिसरी बैठक, आणि तिन्ही बैठकांचं तिनेच लिहिलं. एरवी या कामाचं नाव काढलं की बायका पर्स आवरायला लागतात. इथे कोणी आपणहून वही उघडली, म्हणजे देवच पावला. तिला सगळ्या 'बाळ' म्हणायच्या.

"पत्ता लिहू नकोस हं, बाळ."

"नाही हो ताई. तेवढं कळतं मला."

मास्तरीणबाईंनी तिथूनच निवाऱ्यातल्या मावशींना फोन लावला. मावशींनी आक्कांना कधी पाहिलेलं नव्हतं, म्हणून खूण ठरली. "सहा वाजता आमच्यातली एक बाई गाडी घेऊन येईल. 'तिघींनी पाठवलंय' असं म्हणेल. तसं म्हणाली तरच पोरीला पाठवा."

मुलीने वही मिटली. "मी निघू? घरी जाऊन टाइप करून ठेवते."

"नीघ. जपून जा गं. खाली गेटाशी मंचाची ती दोन माणसं सकाळपासून उभी आहेत."

ती गेली. चहा आला. पत्रकावर तिन्ही नावं गोल छापायची असं ठरलं, म्हणजे पहिलं कुठलंच नाही, आणि हे आधीच का सुचलं नाही म्हणून तिघी पोट धरून हसल्या. फार दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं. मध्येच वकीलबाईंनी खिडकीतून डोकावून पाहिलं.

"गेली ती दोघं."

"कंटाळली असतील मेली," आक्का म्हणाल्या. त्यांनी गाडीची किल्ली घेतली आणि दाराशी जाऊन थांबल्या. "वकीलबाई, एक मात्र सांगते. तुमची ती वहीवाली पोरगी गुणाची आहे हो. तीन बैठकांत तोंडातून चकार शब्द नाही."

"माझी? मला वाटलं तुमच्या युनियनची."

दोघींनी मास्तरीणबाईंकडे पाहिलं. मास्तरीणबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"पहिल्याच दिवशी विचारणार होते मी," त्या म्हणाल्या. "पण म्हटलं, आत्ता कुठे जमतंय. तुम्ही म्हणाल, झालं हिचं सुरू, आमच्या माणसांवर संशय..."

वकीलबाई खुर्चीत बसल्या. त्यांनीही नेमकं त्याच कारणाने विचारलं नव्हतं. तिघीही शहाण्या, आणि तिघींनीही पहिल्यांदाच एकमेकींचं मन जपलं होतं.

आक्कांनी घड्याळ पाहिलं. सव्वापाच. "फोन लावा," त्या ओरडल्या. "मावशींना फोन लावा आधी!"

घंटी बराच वेळ वाजत राहिली. शेवटी मावशींचा आवाज आला, अगदी खुशीतला.

"अहो ताई, किती ती काळजी! सहा म्हणालात, पण तुमची बाई लवकरच आली. 'तिघींनी पाठवलंय' म्हणाली बरोब्बर. पोर काही केल्या गाडीत बसेना, बाळाला घट्ट धरून रडत होती. मग मीच हात धरून बसवलं. म्हटलं, जा गं, घाबरतेस काय, आपल्याच बायका आहेत."