कव्हरवरची माय

धुरपदाने दारातच पिशवी टाकली आणि दोन्ही हात पुढे केले. लग्नसराईभर ऑर्केस्ट्राबरोबर गावोगाव गाऊन ती आज दुपारी धुळ्याहून पिंप्राळ्याला, आईच्या घरी परतली होती.

तिची लेक मित्रा जागची हलली नाही. दोन वर्षांची ती पोर टेपरेकॉर्डरला टेकून बसली होती, हातात कॅसेटचं कव्हर. धुरपदाने उचलताच तिने अंग ताठ केलं आणि मोठ्याने किंचाळली. टेपवर पाळणा चालू होता. आवाज धुरपदाचाच.

"वळखं नही तिनी तुले," रुक्माबाई ओशाळून म्हणाली. "रोज तुना आवाज आयकाडीसन निजाडं तिले. फोटो दखाडं. सांगं, हाई तुनी माय शे."

धुरपदाने तिला खाली ठेवलं आणि वाकून कव्हर पाहिलं. ती गावोगाव फिरत असतानाच कॅसेट निघाली होती; कव्हर ती आज पहिल्यांदाच पाहत होती. खाली नाव तिचं छापलेलं होतं. वर भलतीच बाई हसत होती. गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची.

"माय, हाई मी नही शे."

रुक्माबाईने लांबूनच डोळे बारीक करून निरखलं. "माले वाटनं, फोटोवालानी तुले उजाळी टाकं." मग हळूच म्हणाली, "बठ्ठी गल्लीले, घरेघर दखाडं व्हतं मी."

धुरपदा टेपरेकॉर्डरजवळ बसली. स्टुडिओतला तो दिवस तिला आठवला. कव्हरसाठी म्हणून नवी निळी साडी नेसून ती खुर्चीवर बसली होती. फोटोवाल्याने पावडरचा आणखी एक हात फिरवायला लावला, दिवा जवळ ओढला, पुन्हा ओढला. कॅसेटवाला शेठ मागे उभा राहून बघत होता. शेवटी म्हणाला, "आवाजाला रंग नसतो, ते एक बरं आहे."

ती कौतुक समजून हसली होती.

तिने टेप बंद केला आणि तोच पाळणा स्वतः गायला लागली. मित्राचं रडं थांबलं. पोरीने टेपकडे पाहिलं, कव्हरकडे पाहिलं, मग धुरपदाच्या हलणाऱ्या ओठांकडे. आणि ती घाबरून आजीच्या पाठीमागे दडली. या परक्या बाईने तिच्या आईचा आवाज गिळला होता जणू.

"आन ते इकडे," धुरपदाने कव्हरसाठी हात पुढे केला.

मित्राने ते छातीशी घट्ट धरलं. "मनी माय!"

धुरपदाचा हात तसाच राहिला. मग तिने तो मागे घेतला, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, हनुवटीपर्यंत, आणि तोंड पुरतं झाकून पुन्हा सुरुवातीपासून पाळणा धरला. कापडाआड तिचा श्वास गरम होत होता. बाहेर काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं.

आधी इवल्या पावलांचा आवाज आला. मग मांडीवर एक डोकं टेकलं, आणि त्याच्यामागून कव्हरचा टोकदार कोपरा पोटाला टोचला.

बऱ्याच वेळाने रुक्माबाई म्हणाली, "निजनी ती. आते काढ पदर."

धुरपदा गातच राहिली.